ऊन येत नाही? मग अळू लावा



पोषण परसबागेचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, आमच्या परड्यात ऊनच येत नाही. तिथं काय येणार?"

म्हणणं खोटं नाही. वांगी, टोमॅटो, भेंडी, गवारी यांना रोज पाच-सहा तास तरी चांगलं ऊन लागतं. फणसाखाली किंवा शेजारच्या भिंतीच्या आडोशाला ती लावली, तर झाड नुसतं उंच जातं आणि फळ धरत नाही. एकदोन वेळा असं झालं की आपण ती जागा सोडून देतो. मग तिथं जळण येतं, फुटकी बादली येते, न्हाणीचं पाणी साठतं आणि डास येतात.

या अंकात त्याच जागेबद्दल बोलायचं आहे. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. आपल्यातल्या बहुतेक जणींच्या नावावर शेत नाही. उसाची लागण कधी करायची, कोणती जात लावायची, हे आपल्याला क्वचितच कुणी विचारतं. परडं मात्र आपल्या हातात असतं. तिथं काय लावायचं, काय उपटायचं, कुणाला द्यायचं, हे आपण ठरवतो. म्हणून परड्यातली चार हात जागासुद्धा "ऊन नाही" म्हणून सोडू नका. तिथं अळू लावा.

अळू सावलीत का येतं?

अळू हे मुळात ओढ्याकाठच्या, झाडाखालच्या ओल्या जागेतलं झाड. वरून झाडांची सावली आणि खाली ओल, अशाच जागेत ते वाढत आलं आहे. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या बाजूला पावसाळ्यात ओढ्याच्या कडेला रानअळू आपोआप उगवलेलं तुम्ही बघितलंच असेल. तेच गुण आपल्या परड्यातल्या अळूत आहेत.

सावलीत उजेड कमी मिळतो, म्हणून झाड पान मोठं करतं. उजेड जितका गोळा करता येईल तितका करायचा, हा त्याचा हिशेब. त्यामुळे सावलीतल्या अळूचं पान उन्हातल्यापेक्षा रुंद, पातळ आणि कोवळं होतं. वडीला आपल्याला असंच पान लागतं. कडक उन्हात पाणी कमी पडलं, तर पानाच्या कडा करपतात आणि पान राठ होतं.

पण सावलीत कंद कमी पोसतो. म्हणजे अळकुड्या हव्या असतील तर उघड्यावरची जागा बघा. पानं हवी असतील तर सावलीची जागा उत्तम. दोन्ही एकाच जागेतून भरपूर मिळतील अशी आशा ठेवू नका.

आणखी एक फायदा म्हणजे अळू एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं. मेथी-कोथिंबिरीसारखं दर वेळी बी आणावं लागत नाही. झाड कमरेएवढंच होतं आणि मूळ झाडाच्या बाजूला पिल्लं फुटत जातात.

आपली सावली कोणती ते ओळखा

सगळी सावली सारखी नसते. दुपारी बारा-साडेबाराला परड्यात उभ्या राहा आणि जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा धरा.

पंज्याची ठळक, काळी सावली पडली तर तिथं ऊन आहे. अळू येईल, पण पाणी जास्त लागेल.

पुसट सावली पडली तर ती अळूला सगळ्यात चांगली जागा. आंब्याच्या फांद्यांतून झिरपणारं ऊन, केळीच्या आळ्याची बाजू, सकाळचं दोन-तीन तास ऊन येणारी भिंतीकडची पट्टी, या सगळ्या अशाच जागा.

काहीच सावली दिसली नाही आणि भरदुपारीही तिथं तांदूळ निवडता येणार नाहीत इतका अंधार असेल, तर अळूही रडेल. अशा ठिकाणी झाडाच्या खालच्या दोन-चार फांद्या छाटून उजेड आत येऊ द्या.

मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याला लावू नका. तिथं झाडाची मुळं सगळं पाणी ओढून घेतात. बुंध्यापासून चार-पाच फूट सोडून लावा. जागाच नसेल तर जुनी बादली, फुटका माठ किंवा खताचं रिकामं पोतं धुऊन त्यात लावा. भांडं निदान फूटभर खोल हवं आणि तळाला भोकं हवीत.

कोणतं अळू, कुठलं अळू?

आपल्याकडे साधारण दोन प्रकारचं अळू घरोघरी असतं. एक काळपट-जांभळ्या देठाचं, गडद पानाचं. ते वडीला चांगलं. दुसरं पोपटी-हिरव्या देठाचं. ते पातळ भाजीला, गरगट्ट्याला चांगलं शिजतं. जमलं तर दोन्ही लावा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने खास पानांसाठी 'कोकण हरितपर्णी' नावाची जात काढली आहे. आपल्या जिल्ह्यात कणेरी आणि तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. चांगल्या जातीचे कंद कुठं मिळतील, हे कृषी सखीमार्फत तिथं विचारता येतं.

पण सगळ्यात खात्रीचा कंद म्हणजे ज्या घरातलं अळू तुम्ही स्वतः खाल्लेलं आहे, त्या घरातला. याला कारण आहे. अळूसारखी दिसणारी बरीच झाडं आहेत. रानअळू फार खाजतं. नर्सरीत मिळणारी रंगीबेरंगी पानांची, ठिपक्यांची झाडं अळूच्याच घराण्यातली असली तरी ती शोभेची आहेत, खायची नाहीत. पान बघून सगळं ओळखता येत नाही. म्हणून एकच नियम पाळा. ओळखीच्या चुलीवर शिजलेलं अळूच आपल्या परड्यात लावायचं. रस्त्याकडेचं, ओढ्याकडेचं उपटून आणायचं नाही.

लागवड कशी करायची?

मृगाचा पाऊस सुरू होताना लावणं सगळ्यात सोपं. पाण्याची सोय असेल तर एप्रिल-मेपासूनही लावता येतं, म्हणजे गौरी-गणपतीपर्यंत पानं भरपूर होतात.

१. मूळ झाडाच्या बाजूची कोंब फुटलेली, टणक, लिंबाएवढी पिल्लं निवडा. मऊ पडलेला, वास येणारा, काळे डाग असलेला कंद घेऊ नका.

२. दीड-दीड फुटावर ओंजळभर खड्डे घ्या. प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर राख मातीत मिसळा. ताजं शेण घालू नका, कंद सडतो.

३. कोंब वर करून कंद दोन-तीन इंच खोल ठेवा, माती लोटा, हलकं दाबा.

४. वर उसाचं पाचट पसरा. पाचट आपल्याकडे फुकट आहे आणि बरेच जण ते पेटवून देतात. परड्यात तेच ओल धरतं, तण दाबतं आणि कुजून खत होतं. कोंबड्या उकरत असतील तर सुरुवातीला वरून काटक्या टाका.

५. दीड-दोन महिन्यांनी बुंध्याला मातीची भर द्या आणि आणखी दोन ओंजळी शेणखत घाला.

दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पट्टीत दोन ओळींमध्ये बारा झाडं आरामात बसतात. सुरुवातीला एवढीच लावा.

माती बघून थोडा फरक करा. पश्चिमेकडच्या तालुक्यांत तांबडी माती आणि धो धो पाऊस असतो, त्यामुळे खताचा कस वाहून जातो. तिथं शेणखत दोन-तीन वेळा विभागून द्या. शिरोळ, हातकणंगलेच्या काळ्या जमिनीत पाणी फार दिवस तुंबतं आणि काही ठिकाणी जमीन क्षारपड झाली आहे. तिथं वीतभर उंच वाफा करून किंवा पोत्यात लावा. अळूला ओल आवडते, पण कुजकं, वास येणारं साचलेलं पाणी आवडत नाही.

उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर पानं वाळून झाड दिसेनासं होतं. मेलं समजून उपटू नका. कंद जमिनीत झोपलेला असतो. वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की परत फुटतो.

न्हाणीच्या पाण्याचं काय?

पूर्वीपासून न्हाणीच्या मागे केळी, कर्दळ आणि अळू लावायची पद्धत आहे. ती शहाणपणाची आहे. सांडपाणी झाडं पितात, चिखल होत नाही आणि डासांना अंडी घालायला जागा उरत नाही. साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी वाहतं किंवा मुरतं राहणं महत्त्वाचं.

पण तीन गोष्टी सांभाळा. न्हाणीचं पाणी थेट झाडात सोडण्याआधी विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्या. साबणाचा फेस आणि केस तिथंच अडकतात. कपड्यांच्या सोड्याचं, पावडरचं पहिलं कडक पाणी अळूला देऊ नका. आणि संडासचं पाणी कोणत्याही भाजीला कधीच नाही.

गावच्या गटारीकाठी किंवा कारखान्याचं पाणी येतं त्या ओढ्याकाठी अळू फार जोमदार दिसतं. ते घरी आणू नका. पालेभाजी जमिनीतलं आणि पाण्यातलं नको ते सगळं ओढून घेते. ते धुतल्याने जात नाही आणि शिजवूनही जात नाही.

पुराच्या गावांसाठी वेगळं सांगते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण विसरलेलो नाही. अळूचा कंद काही दिवस पाण्याखाली राहिला तरी बहुधा वाचतो. पण पुराचं पाणी लागलेली पानं खायची नाहीत. पाणी ओसरलं की सगळी पानं कापून खड्ड्यात पुरा आणि नंतर नवी फुटतील ती वापरा.

पानं कधी आणि किती काढायची?

लावल्यापासून दीड-दोन महिन्यांनी पहिली पानं मिळतात. चांगल्या हंगामात एका झाडाला साधारण आठ ते बारा दिवसांनी एक नवं पान येतं. हिशेब साधा आहे, जितकं येतं तितकंच काढायचं. नेहमी बाहेरचं, पूर्ण उघडलेलं पान कापा. मधलं सुरळीसारखं पान आणि त्याच्या बाजूची निदान दोन पानं ठेवा. सगळी पानं एकदम ओरबाडली तर कंद दुबळा होतो आणि पुढची पानं तळहाताएवढी येतात.

बारा झाडं असली तर महिन्याला तीसेक पानं निघतात. म्हणजे दोनदा वडी आणि दोनदा पातळ भाजी. देठ टाकू नका. सोलून, शिजवून, दह्यात कालवून देठी करा.

करप्यापासून सावध

जुलै-ऑगस्टच्या झडीत अळूच्या पानावर गोल तपकिरी डाग पडतात. डागात एकाबाहेर एक अशी वर्तुळं दिसतात, कडेला पिवळं पडतं आणि चार-सहा दिवसांत सगळं पान गळून लोंबतं. हा अळूचा करपा. पाऊस, ढगाळ हवा आणि दाट लागवड असली की तो वाऱ्यासारखा पसरतो.

याला हलकं समजू नका. पॅसिफिक महासागरात सामोआ नावाचा छोटा बेटांचा देश आहे. तिथं अळूचे कंद म्हणजे आपल्या भाकरीसारखं रोजचं जेवण आणि परदेशात विकायचं मुख्य पीक. १९९३ मध्ये तिथं हा करपा पोचला. बाजारात चालते म्हणून बहुतेकांनी एकाच जातीचं अळू लावलं होतं आणि त्या जातीत करप्याला तोंड द्यायची ताकद नव्हती. बघता बघता देशभरची शेतं बसली आणि निर्यात जवळजवळ थांबली. पुढे वेगवेगळ्या ठिकाणच्या जातींचा संकर करून नवीन, टिकाऊ जाती तयार कराव्या लागल्या, तेव्हा कुठे अळू परत उभं राहिलं.

यातून आपल्याला घ्यायचं ते असं. दोन-तीन प्रकारचं अळू लावा, सगळा कंद एकाच घरातून आणू नका. ज्या घरात करपा आला आहे तिथला कंद घेऊ नका आणि आपल्याकडे आला असेल तर दुसरीला देऊ नका. डागाचं पहिलं पान दिसलं की त्याच दिवशी कापा आणि परड्याबाहेर खोल पुरा. खतखड्ड्यात टाकू नका. झाडं दाट झाली तर मधली पिल्लं काढून हवा खेळती ठेवा. पाणी बुंध्याला द्या, पानावर नको.

पानाखाली मावा दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून घ्या. यात दोन ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवा. साबण का? "अळवावरचं पाणी" आपण उगीच म्हणत नाही. या पानावर पाण्याचा थेंब ठरतच नाही, मोत्यासारखा घरंगळतो. साबण घातला तरच अर्क पानाला चिकटतो. फवारल्यावर आठवडाभर ती पानं काढू नका आणि नंतर नीट धुऊन घ्या. खायच्या पानावर दुकानातली विषारी औषधं मारूच नका.

खाज का येते?

अळूच्या पानात, देठात आणि कंदात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे हे टोकदार खडे कच्चं अळू चावलं की जिभेत आणि घशात टोचतात. म्हणून अळू कधीच कच्चं किंवा अर्धं कच्चं खायचं नाही.

चिरताना हाताला तेल लावा, हात कोरडे ठेवा. पानाची मधली जाड शीर काढा, देठ सोला. पातळ भाजी असेल तर पान मऊ होईपर्यंत शिजवा. वडीचे उंडे वीस-पंचवीस मिनिटं वाफवा आणि मगच तळा. चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घालायची आपल्या आज्यांची पद्धत चवीसाठी तर आहेच, पण आंबटामुळे खाजही कमी लागते.

लहान मुलांनी खेळता खेळता कच्चं पान चावलं तर तोंड आग आग करतं. लगेच तोंड धुवा, गार पाणी किंवा दूध द्या. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वास अडकतोय असं वाटलं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा.

ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ऑक्झलेट त्यांना बाधू शकतं.

अळू खाल्लं की रक्त वाढतं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटात येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहाजणींच्या गटात पाचजणी तरी. त्यामुळे याचं उत्तर नीट समजून घ्या.

अळूच्या पानात लोह आहे, कॅल्शियम आहे, रक्तासाठी लागणारं फोलेट आहे, डोळ्यांसाठी लागणारं अ जीवनसत्त्व शरीर ज्यातून बनवतं ते बीटा कॅरोटीन आहे. हे कॅरोटीन तेलात विरघळतं, म्हणून फोडणीचं चमचाभर तेल आवश्यकच आहे. पण त्याच पानातलं ऑक्झलेट लोहाला आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यामुळे पानात आहे तेवढं सगळं अंगी लागत नाही.

म्हणून अळू खा, आवडीने खा, पण त्यावर एकट्यावर विसंबून राहू नका. मेथी, शेवग्याचा पाला, कडधान्यं, अंडी, जमत असेल तर मटण-मासे, हे सगळं आलटून पालटून ताटात यायला हवं. जेवणात लिंबू पिळा, जेवणानंतर लगेच चहा नको. आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या थांबवू नका. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस गोळी घ्यायची असते. "मी आता घरचं अळू खाते, गोळी कशाला?" असं म्हणून गोळ्या डब्यात राहिल्या, तर अळू लावून आपण काय मिळवलं?

पैसे किती मिळतील?

खरं सांगायचं तर बारा झाडांतून मोठा धंदा होत नाही. समजा महिन्याला ३० पानं निघाली. १५ घरी खाल्ली, १५ विकली. पाच पानांची जुडी १० रुपयांना गेली तर हातात ३० रुपये येतील. एवढ्यासाठी बाजारात जाणंही परवडत नाही.

पण दहाजणींनी लावलं तर १५० पानं, म्हणजे ३० जुड्या होतात. एकजण सगळ्यांच्या घेऊन आठवडी बाजाराला जाऊ शकते. आणि काही दिवस असे असतात की अळूला मागणी एकदम वाढते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलंच खायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत अळू लागतंच. गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी येते आणि मग गौरीचं जेवण. हे चार-पाच दिवस धरून एप्रिल-मेमध्ये लागवड केली, तर सगळ्यांची पानं एकाच वेळी तयार होतात.

त्यापुढची पायरी म्हणजे वाफवलेले वडीचे उंडे. ज्यांच्या घरात वेळ नाही त्या बायका तयार उंडा आनंदाने घेतात, घरी नेऊन नुसता कापून तळायचा. पण नियमित खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी करावी लागते आणि उंडा त्याच दिवशी विकला गेला पाहिजे. ग्रामसंघाच्या बैठकीत आधी हे बोलून मगच सुरुवात करा.

आणखी एक विनंती आहे. घरी खाल्लेली पानंही वहीत लिहा. बाजारातून आणली असती तर किती पैसे गेले असते, तो आकडा पुढे मांडा. वर्षाच्या शेवटी बेरीज करून घरात दाखवा. बाईच्या परड्यातून घरात काय येतं, ते कागदावर कधी दिसतच नाही, म्हणून त्याला कुणी कमाई म्हणत नाही.

आणि वही उघडलीच आहे तर हेही करा. ग्रामपंचायतीत जाऊन घराचा आठ नंबरचा उतारा बघा. ज्या परड्यात आपण राबतो, त्या घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का? नसेल तर पतीसोबत नाव लावायला काय कागद लागतात ते तिथंच विचारून या.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

प्रत्येकीने भरदुपारी परड्यात जाऊन पंज्याची सावली बघायची आणि आपली जागा कोणत्या प्रकारची आहे ते सांगायचं. ज्यांच्याकडे निरोगी अळू आहे त्यांनी चार-पाच पिल्लं कागदात गुंडाळून आणायची. कागदावर देठाचा रंग आणि आपलं नाव लिहायचं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दोन वेगवेगळ्या घरची पिल्लं न्यायची. पुढच्या वर्षी त्यांनी तितकीच पिल्लं गटात नव्याने आलेल्या ताईंना द्यायची. गटाच्या बचतीसारखंच हे. घेतलेलं परत फिरत राहिलं पाहिजे.

कंद घेऊन या, बाकीचं बैठकीत बोलू.

तुमची
क्षेत्र समन्वयक